मनी कोपऱ्यात का बसली?

संध्याकाळची वेळ. तुम्ही गोठ्यात धार काढायला बसला आहात. चरवीत पहिली धार वाजली की कुठून कुठून धावत येणारं मांजर आज आलं नाही. तुम्ही म्हणता, गेलं असेल शिकारीला. दुसऱ्या दिवशीही त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी पोरं सांगत येतात, "आई, मनी कडब्याच्या गंजीमागं बसलीय, हाका मारल्या तरी उठत न्हाई." तुम्ही हातातलं काम टाकून बघायला जाता, तेव्हा तिचे डोळे आत ओढलेले असतात, अंगावरचे केस पिंजारलेले असतात, आणि तुमच्याकडे बघायचंही त्राण तिच्यात उरलेलं नसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "कालपर्यंत तर चांगली होती की!"

कालपर्यंत ती चांगली नव्हती. आपल्याला कळलं नव्हतं, एवढंच.

गाय आजारी पडली तर तासाभरात घरभर होतं. तिचा रवंथ थांबतो, ती आंबोणाला तोंड लावत नाही, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे डेअरीच्या मापात दूध कमी भरतं. मांजराचं माप कुणी ठेवत नाही. त्यातून मांजराची जातच अशी, की दुखणं लपवायचं. ते उंदराची शिकार करतं, पण कुत्र्याची, कोल्ह्याची शिकार होतंही. रानात ज्यानं अशक्तपणा दाखवला तो आधी संपला, ही त्याच्या रक्तातली शिकवण. म्हणून पोटात कळ आली तरी ते ओरडत नाही. अंधाऱ्या, थंड, आडोशाच्या जागी जाऊन मुकाट बसतं. नेहमी ओट्यावर लोळणारं मांजर कोठीमागं किंवा बाजेखाली जाऊन बसलं, तर हे पहिलं लक्षण समजा. याउलट, एरवी अंगाला हात लावू न देणारं मांजर एकाएकी मांडीत येऊन बसू लागलं, तर तेही तितकंच विचार करण्यासारखं आहे. मांजराचा स्वभाव बदलला की आत काहीतरी बदललेलं असतं.

तुम्ही म्हणाल, मांजरासाठी एवढा लेख कशाला? आपल्या सिल्लोड भागात मका, कपाशी आणि मिरची यांवर घरं चालतात. दिवाळीच्या पुढंमागं मक्याची कणसं घरी येतात, मळणी होते, पोती भिंतीला लागतात, आणि त्याच्या मागोमाग उंदीर येतात. कुरतडलेली पोती शिवता शिवता ज्या बाईची बोटं दुखली असतील, तिला मांजराची किंमत मी सांगायला नको. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं आपले जुने लोक म्हणत. सोन्याचं मांजर देण्यापेक्षा घरातलं जिवंत मांजर वाचवणं स्वस्त पडतं, असं मला वाटतं. पण हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही, एक चांगला बोका गमावल्यावर सुचलं आहे. ती हकिकत आधी सांगते.

आमच्याकडे एक पिवळा बोका होता. अंगानं भरलेला आणि शिकारीला तरबेज. थंडीचे दिवस होते. एका सकाळी तो चुलीमागच्या राखेत जाऊन बसला. बसला, उठला, पुन्हा बसला. पाठीला बाक काढून जोर करत होता. सासूबाई म्हणाल्या, "त्याला साफ होत न्हाई, पोट गच्च झालंय." पोट खरंच गच्च लागत होतं. आम्ही त्याला चमचाभर एरंडेल पाजलं. दिवसभर तो राखेत जा-ये करत राहिला. मधूनच मागचा भाग चाटायचा आणि एखादा असा ओरडायचा, की तसा आवाज त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं ओकारी काढली. आम्हाला वाटलं, एरंडेल लागू पडलं, आता सुटेल. तिसऱ्या दिवशी पहाटे तो पोत्यांमागं गार पडलेला सापडला.

पुढं कितीतरी महिन्यांनी, म्हैस दाखवायला आलेल्या डॉक्टरांना मी सहज हे सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "राख ओली होत होती का?" मी कधी बघितलंच नव्हतं. बोक्याला शौचाची अडचण नव्हती, त्याची लघवी तुंबली होती. पोटात हाताला लागलेला तो गच्च गोळा लघवीनं तट्ट फुगलेल्या पिशवीचा होता.

हे दुखणं बोक्यांमध्ये पुष्कळ आढळतं, भाट्यांमध्ये क्वचित. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. लघवीत खड्यासारखे बारीक कण धरले किंवा चिकट बुळबुळीत गाठ झाली, की ती नळीत अडकते आणि बूच बसल्यासारखं होतं. लघवी बाहेर पडली नाही की तिच्यातलं विष रक्तात साचतं. रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. हे सगळं दोन ते तीन दिवसांत होतं. यावर घरगुती इलाज कोणताही नाही, हे तुम्ही पक्कं लक्षात ठेवा. पोट दाबून लघवी काढायला तर मुळीच जाऊ नका, फुगलेली पिशवी आत फुटू शकते. डॉक्टर गुंगीचं औषध देऊन बारीक नळी घालतात आणि वाट मोकळी करतात. पहिल्या दिवशी नेलं तर बोका बहुधा वाचतो. म्हणून बोका वारंवार राखेत किंवा मातीत जाऊन बसत असेल, तर तो उठल्यावर ती जागा हातानं चाचपून बघा. ओल लागली तर थोडा धीर धरायला हरकत नाही. कोरडी लागली तर दुपार होऊ देऊ नका.

बघायचं ते काय?

मांजराची नाडी धरायला किंवा थर्मामीटर लावायला तुम्हाला कुणी सांगत नाही. मांजराचा ताप गुदद्वारातून बघतात. निरोगी मांजराचा तो साधारण साडेशंभर ते एकशे अडीच अंश फॅरनहाइट असतो, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. म्हणून त्याचं अंग नेहमीच आपल्या हाताला गरम लागतं. नाक कोरडं म्हणजे ताप, हाही एक समज आहे. चुलीजवळ झोपून उठलेल्या मांजराचं नाक कोरडंच असतं. नाकावरून काही ठरवू नका.

श्वास मात्र मोजा, त्याला पैसे पडत नाहीत. मांजर गाढ झोपलेलं असताना त्याच्या बरगड्यांकडे बघा. एकदा वर, एकदा खाली, तो एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला वीस-तीस ठीक. झोपेत चाळीसच्या वर जात असेल, तर छातीचं किंवा हृदयाचं काहीतरी आहे. आणि कुत्र्यासारखं तोंड उघडून, जीभ बाहेर काढून मांजर धापा टाकत असेल, तर ते कुत्र्याला शोभतं, मांजराला नाही. फार घाबरलेलं किंवा उन्हानं तापलेलं मांजर थोडा वेळ तसं करतं. सावलीत निवांत बसूनही ते तसंच करत राहिलं, तर वेळ दवडू नका.

मग हळूच वरचा ओठ उचला आणि हिरडी बघा. ती ओली आणि गुलाबी हवी. पांढरी फटक असेल तर कुठंतरी रक्त जातंय किंवा रक्त कमी झालंय. पिवळी असेल तर काविळीची झाक. निळसर किंवा चॉकलेटी रंग आला असेल, तर जिवाला धोका. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्या डोळ्यावर आलेला दिसला, तर त्याला आमच्याकडे "डोळ्यावर सारा आला" म्हणतात आणि काजळ घालतात. काजळ घालू नका. ती मांजराची तिसरी पापणी आहे, निरोगी मांजर जागं असताना ती दिसत नाही. अंगात पाणी कमी झालं आहे का, हे बघायला खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. चटकन जागेवर बसली तर चांगलं, उभीच राहिली तर पाणी आटलंय.

आणखी एक, ज्यानं मीही फसले आहे. मांजर घुरघुरतंय म्हणजे ते सुखात आहे, असं आपण धरून चालतो. पण मांजर दुखण्यातही घुरघुरतं. व्यायच्या वेळीही घुरघुरतं, मरतानाही घुरघुरतं. पाठीला बाक, डोळे अर्धे मिटलेले, पाय पोटाखाली घट्ट ओढलेले आणि घुरघुर चालू, तर ती घुरघुर सुखाची नाही.

याच्या उलट गंमतही होते. एक शेजारीण भल्या सकाळी धावत आली, "आवो मावशी, मांजर लोळतंय, वरडतंय, त्याच्या पोटात मुरडा उठलाय!" जाऊन बघते तर साताठ महिन्यांची भाटी जमिनीवर गडबडा लोळत होती, शेपटी बाजूला घेत होती, आणि कौलावर दोन बोके वाट बघत बसले होते. ती माजावर आली होती. जेवण नीट होतं, डोळे लखलखीत होते. अशा वेळी डॉक्टरला त्रास देऊ नका. मात्र पुढं पिलांचा पसारा नको असेल, तर तिचं ऑपरेशन करून घेण्याचा विचार जरूर करा. बोक्याचंही होतं. त्यानं रात्रीच्या मारामाऱ्या कमी होतात आणि चावे पिकून होणारी गळवंही कमी होतात.

दूध, भाकरी आणि हगवण

मांजर जेवत नसेल तर ते किती दिवस चालवून घ्यायचं? मोठ्या मांजरानं एक दिवस तोंड लावलं नाही तर लक्ष ठेवा, दुसरा दिवसही तसाच गेला तर डॉक्टरकडे न्या. उपास माणसाला मानवतो, मांजराला मानवत नाही. पोटाला काही मिळालं नाही की अंगातली चरबी यकृतावर जाऊन बसते आणि यकृतच बंद पडतं. जाड मांजरात हे लवकर होतं. पिलाला तर अर्धा दिवसही जड जातो.

दुधाचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या म्हणींतसुद्धा आहे, पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. दुधातली साखर पचवणारा रस पिलूपणीच भरपूर असतो, पुढं तो कमी होत जातो. मांजराला पातळ होत असेल तर औषध शोधण्याआधी दोन दिवस दूध बंद करून बघा आणि स्वच्छ पाणी ठेवा. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर जगतं हाही गैरसमज आहे. ते जगतं ते उंदरांवर. मांजराला मांसातच मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते मिळालं नाही तर त्याची नजर जाते, हे 1975 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यानं हृदयही कमजोर होतं, हे 1987 साली कळलं. ज्या घरात मांस-मच्छी येत नाही आणि मांजर बाहेरही सोडलं जात नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. तसंच कोंबड्या मरायला लागल्या असतील, तर ती मेलेली कोंबडी मांजरापुढं टाकू नका. नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर 2024 मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. वाघ काय आणि मांजर काय, कूळ एकच.

गवत खाऊन एखादी ओकारी, केसांचा गोळा पडणं, हे चालायचंच. पण पिलू लागोपाठ ओकतंय, घाण वासाची हगवण लागलीय, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलंय पण पीत नाही, असं चित्र दिसलं तर तो मांजरांचा पार्व्होसारखा साथीचा रोग असू शकतो. लस न टोचलेली पिलं त्यात पटापट जातात. उपचार म्हणजे सलाईन आणि बाकीची शुश्रूषा. ती वेळेवर मिळाली तर काही पिलं तरतात. या रोगाचं विष घरात वर्षभरसुद्धा टिकतं. म्हणून एक पिलू गेलं की लगेच दुसरं आणून त्याच चुंबळीवर ठेवू नका. ती चुंबळ, ते फडकं जाळा. फरशी धुऊन एक भाग बाजारातलं ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं राहू द्या, मग ती वाळल्यावरच मांजर आत घ्या. फिनेल वापरू नका, ते मांजराला बाधतं. नव्या पिलाला सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यापासून लस सुरू करता येते. दर तीन-चार आठवड्यांनी, ते चार महिन्यांचं होईपर्यंत. ही लस तालुक्याला मिळेलच असं नाही. संभाजीनगरला कुणी जाणार असेल तर आधी विचारून घ्यावं.

विष घरातलंच असतं

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला. शेतकऱ्याच्या घरातली कितीतरी मांजरं रोगानं जात नाहीत, आपल्या हातानं जातात.

पहिली गोष्ट, तापाची गोळी. पोराला ताप आला की आपण पॅरासिटामॉल देतो, त्याला उतार पडतो. मांजर कण्हतंय म्हणून अर्धी गोळी दुधात विरघळून देणारी माणसं मी बघितली आहेत, आणि ती सगळी मायाळू माणसं होती. ती अर्धी गोळी मांजराचा जीव घेते. आपल्या यकृतात ते औषध मोडून काढणारा जो रस असतो, तो मांजरात अगदी तोकडा. काही तासांत हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. अशी गोळी चुकून दिली गेली असेल तर ती लपवू नका. त्यावर उतारा आहे, पण डॉक्टरला कळलं तरच तो देता येतो. माणसाची दुखण्याची कोणतीच गोळी मांजराला देऊ नये. कांदा-लसणाचा रसही देऊ नये, त्यानं मांजराचं रक्त बिघडतं.

दुसरी गोष्ट, गोचिडांचं औषध. मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर एका घरी बैलांना गोचिडाचं औषध मारलं. बादलीत थोडं उरलं होतं. मांजराच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या, म्हणून घरच्या पोरानं उरलेलं फडक्यानं मांजराला पुसलं. बैलाला चालतं, मग मांजराला का चालणार नाही? दोन तासांत त्याचे कान फडफडायला लागले, मग कातडी थरथरायला लागली, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. कुणी म्हणालं फिट आली, कुणी म्हणालं नजर लागली. मी बाटली मागवून बघितली, तिच्यावर सायपरमेथ्रिन लिहिलेलं होतं. हे आणि त्याच्या जातीची औषधं, परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, मांजराला भयंकर बाधतात. यातलीच काही आपण कपाशीवरही फवारतो. आम्ही काय केलं ते सांगते. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन मांजराचं अंग स्वच्छ धुतलं. फार गरम पाण्यानं औषध जास्त मुरतं आणि गार पाण्यानं झटके वाढतात, म्हणून पाणी कोमटच घ्यायचं. मग फडक्यानं कोरडं करून, पोत्यात ऊब धरून, बाटलीसकट मोटारसायकलवरून दवाखान्यात पाठवलं. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस सलाईन चाललं. ते मांजर आज आहे. पोरगं मात्र त्या रात्री जेवलं नाही. त्याची आई त्याला रागावत होती, ती मी थांबवली, कारण एरंडेलाचा चमचा माझ्याही हातात होता.

फवारणी करून आलेले कपडे अंगणात ढिगात टाकू नका, मांजर त्यांवर जाऊन झोपतं आणि मग अंग चाटतं. पंपाचं उरलेलं पाणी त्याच्या भांड्याजवळ ओतू नका. मांजराच्या तोंडातून एकसारखी लाळ गळतेय, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झालीय, अंग लटपटतंय, तर ते बहुधा कीटकनाशक आहे. त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं. रॉकेल चोळून पिसवा काढायचा प्रकारही सोडून द्या.

तिसरं, उंदराचं औषध. पोत्यांमागं आपण वड्या ठेवतो आणि त्याच पोत्यांवर मांजर बसवतो, हे दोन्ही एका घरात चालत नाही. विषानं गुंगलेला उंदीर सावकाश पळतो आणि मांजर नेमका तोच धरतं. काळसर पुडीचं झिंक फॉस्फाईड खाल्लेल्या उंदराच्या पोटात न पचलेलं विष असतं. ते मांजराच्या पोटात गेलं की त्यातून विषारी वायू निघतो. ओकारीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. यावर उतारा नाही. दूध-भाकरी पाजू नका, अन्नानं पोटातलं आम्ल वाढून वायू जास्त सुटतो. आणि तुम्हीही त्या ओकारीवर वाकून वास घेऊ नका, मांजर मोकळ्या हवेत आणा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं उलट आहे. दोन ते पाच दिवस काहीच दिसत नाही. मग मांजर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शौचातून रक्त येतं, श्वास लागतो. यावर व्हिटॅमिन के-1 हा चांगला उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो. उंदीर फार झाले असतील तर पिंजरे लावा, पोती भिंतीपासून हातभर सोडून फळ्यांवर रचा, आणि विष ठेवणंच भाग असेल तर तेवढे दिवस मांजर दुसऱ्या घरी बांधा. मेलेले उंदीर उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा.

हात घालण्याआधी

मांजराची लाळ गळतेय, जबडा खाली लोंबलाय, गिळता येत नाही. आपल्या मनात पहिलं येतं, घशात हाड अडकलं असेल. आणि आपण बोट घालतो. असं करू नका. पिसाळलेल्या मांजराचं चित्र नेमकं असंच असतं. आवाज घोगरा होतो, मागचे पाय लुळे पडतात, किंवा गरीब मांजर एकाएकी अंगावर धावून येतं. हाडही असेल, पण ते डॉक्टरला बघू द्या.

मांजर चावलं किंवा रक्त निघेल असं बोचकारलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, आपल्याला पंधरा मिनिटं फार लवकर झाल्यासारखी वाटतात. हळद, चुना, तंबाखू लावू नका. आणि आपला भाग मिरचीचा, म्हणून मुद्दाम सांगते, कुत्र्या-मांजराच्या चाव्यावर मिरचीची पूड भरायची जुनी रीत कुठं राहिली असेल तर ती बंद करा. मग सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथं फुकट मिळते. पहिल्या दिवशी आणि पुढं सांगतील त्या तारखांना ती न चुकता घ्यायची. जखम खोल असेल तर तिच्या भोवती आणखी एक इंजेक्शन देतात, तेही टाळू नका. मांजर मारून टाकू नका, ते दहा दिवस जिवंत आणि धड राहिलं तर डॉक्टरला पुढचं ठरवायला सोपं जातं. पण मांजर ठीक आहे म्हणून पहिली सुई लांबवू नका. मांजरालाही तीन महिन्यांनंतर रेबीजची लस टोचून घेता येते.

घरात गरोदर लेक-सून असेल तर तिनं मांजराची घाण काढू नये, दुसऱ्या कुणी ती रोजच्या रोज काढावी. त्या घाणीतले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाधण्याजोगे व्हायला दिवसभर तरी लागतो, त्याआधी ती उचलली की काळजी मिटली. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. पोरांच्या अंगावर गोल चट्टे उठले आणि मांजराच्या कानाजवळचे केस गेले असतील, तर नायटा दोघांनाही आहे, औषध दोघांनाही हवं. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ते पट्टकृमी. जंताचं औषध वजनावर देतात, शेळीचं अंदाजानं पाजू नका.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी गावी, 9 एप्रिल 2024 रोजी, ऐन पाडव्याच्या दिवशी, एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत शेणाचा काला साठवलेला होता. मांजर काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, त्याच्यामागं तिसरा. पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधलेला एकटा वाचला. शेणाच्या खड्ड्यात, गोबरगॅसच्या टाकीत, बंद पडलेल्या विहिरीत डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू असतो. एका श्वासात माणूस खाली बसतो आणि वर हाक मारायलाही उरत नाही. मांजर पडलं तर दोराला ओलं पोतं किंवा डालगं बांधून खाली सोडा. मांजर नख्यांनी पोत्याला धरतं, ते त्याचं त्याला येतं. माणसानं उतरायचं नाही.

दवाखान्यात नेताना मांजर पोत्यात घालून तोंड बांधू नका. कोंबड्यांचं डालगं पालथं घालून, खाली फळी आणि वरून जुनं लुगडं गुंडाळून नेलं तर हवाही लागते आणि बाहेरचं दिसत नसल्यानं ते शांत राहतं. औषध पाजताना मान मागं ओढू नका, तोंडाच्या बाजूनं थेंब थेंब सोडा, नाहीतर ते फुप्फुसात जातं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गुराढोरांपुरता असतो असं समजून लोक मांजर नेतच नाहीत. विचारून तर बघा. तिथं जमलं नाही तर पुढं कुठं न्यायचं, हे तरी कळतं. 1962 हा फिरत्या पथकाचा नंबर मुख्यतः जनावरांसाठी आहे, पण सल्ल्यासाठी फोन करायला हरकत नाही. आणि निघण्यापूर्वी एवढं आठवून ठेवा, की शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली, ओकारीत काय पडलं, घरात आठवडाभरात कोणतं औषध मारलं. औषधाची बाटली किंवा वेष्टन बरोबर घ्या.

आमच्याकडे आता एक करडी भाटी आहे. रोज सकाळी चूल सारवायच्या आधी मी राखेत हात घालून बघते. सून हसते, "आत्याबाई, राखेत काय हरवलं?" मी म्हणते, काही नाही. मग ती स्वतःच वाकून बघते आणि सांगते, "ओली हाय."